राघोत्तमच्या पत्रकावरच्या दोन नोंदी

हवाई दलात राघोत्तमचं काम पॅराशूट भरण्याचं. उंच खोलीत टांगून वाळवलेलं कापड लांबलचक टेबलावर पसरायचं, दोऱ्यांचा गुंता काढायचा, घडीवर घडी घालून पिशवीत बसवायचं आणि वहीत सही करायची. त्या सहीचा अर्थ एवढाच, की हे मी माझ्या हातानं भरलं आहे.

पंचावन्न साली तो उत्तरेकडच्या एका तळावर होता. एका सकाळी दोन पॅराशूट सहीविना निघाली. ज्यानं भरली तो रजेवर गेलेला, आणि विमान निघायच्या तयारीत. फ्लाइट लेफ्टनंट नारायणस्वामींनी वही त्याच्यापुढे सरकवली.

"सही कर."

"सर, ही मी भरलेली नाहीत. उघडून पुन्हा भरतो. दीड तास द्या."

दीड तास कोण देणार? सही दुसऱ्याच कुणी तरी केली, विमान गेलं आणि सुखरूप परतही आलं. पण राघोत्तमच्या वर्तणूक पत्रकावर नोंद चढली : वरिष्ठांशी उद्धटपणा, समज दिली. पंधरा दिवसांनी दुसरी : कामात संथपणा व हलगर्जी, समज दिली.

समज म्हणजे काही शिक्षा नव्हे, असं सगळेच म्हणाले. खरंच, ना कोठडी झाली ना पगार कापला गेला. फक्त बढतीची यादी निघाली की त्यात त्याचं नाव नसे. बरोबरीचे सार्जंट झाले, हाताखाली शिकलेलेही झाले. राघोत्तम कॉर्पोरलच राहिला.

अठ्ठावन्न साली त्याची मद्रासजवळ तांबरमला बदली झाली. तंजावरच्या मराठी घरातल्या माणसाला हे गावाकडे परतल्यासारखंच होतं. इथे आल्यावर त्यानं अर्ज सुरू केले. नोंदी चुकीच्या आहेत, काढून टाकाव्यात. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं : विचाराधीन. तिसरा परत आला, कारण तो योग्य मार्गानं आला नव्हता. चौथा योग्य मार्गानं गेला आणि त्याच मार्गावर कुठे तरी राहिला.

"पुन्हा लिहिताय कां?" त्याची बायको तुळजा ताट वाढताना म्हणाली. "मागच्याचं काय म्हणून सांगिटलं त्यांनी?"

"विचार चाललाय."

"तीन वर्षं विचारच? पोदुम, पुरे झालं. पहिलं जेवून घ्या."

तो जेवला, आणि हात धुऊन पुन्हा लिहायला बसला. आता त्याला राग येत नसे. अर्जातली वाक्यं पाठ झाली होती, हात आपोआप चालत असे.

एकसष्ट साली कचेरीतल्या हेडक्लार्कनं, सेतुमाधवनं, त्याला बाजूला घेतलं. तोही तंजावरचाच. "अरे, ज्यानं नोंद केली त्याचंच पत्र आण. नारायणस्वामी निवृत्त होऊन इथेच मद्रासला, मांबलमला राहतात."

रविवारी राघोत्तम इस्त्रीचा सदरा घालून गाडीनं मांबलमला गेला. नारायणस्वामी ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. राघोत्तमनं नाव सांगितलं, तळ सांगितला, साल सांगितलं. बोलणं तमिळमध्ये झालं.

"आठवत नाही रे," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली खूप माणसं होती."

सहा वर्षं ज्या माणसाशी तो मनातल्या मनात भांडत आला होता, त्याला राघोत्तमचा चेहराही ठाऊक नव्हता. राघोत्तमला एकदम बसावंसं वाटलं. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला.

त्यानं पत्रकाची नक्कल पुढे केली. नारायणस्वामींनी ती उघड्या डोळ्याजवळ नेऊन वाचली. बराच वेळ वाचली.

"ती दोन पॅराशूट," ते हळूच म्हणाले. "तू सही केली नाहीस."

"नाही सर."

"वैमानिक आत बसून होता. वरून सारखा फोन येत होता." त्यांनी नक्कल परत केली. "बस. कॉफी घेशील?"

कॉफी आली. नारायणस्वामींनी सुनेला बोलावून पत्र सांगितलं, तिनं लिहून घेतलं, त्यांनी चाचपडत सही केली. राघोत्तमनं पत्र फाटकाबाहेर येऊन वाचलं. 'तत्कालीन घाईमुळे उद्धटपणाविषयीचा शेरा आवश्यकतेपेक्षा कडक झाला असण्याची शक्यता आहे.' दुसऱ्या नोंदीबद्दल एक अक्षरही नव्हतं. परत आत जावं, असं त्याला वाटलं. मग तो पट्टी बांधलेला चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तो स्टेशनकडे चालू लागला.

हुकूम यायला आठ महिने लागले. पहिली नोंद रद्द, दुसरी कायम. सेतुमाधवनं फूटपट्टी ठेवून पहिल्या नोंदीवर सरळ रेघ मारली, बाजूला तारीख घातली.

राघोत्तम वाकून बघत होता. "खालचं वाचता येतंय की."

"येणारच. खोडायची असते, फाडायची नसते."

"मग?"

"मग काय? वाचता येते, पण आता ती नाही." सेतुमाधवला आपलं बोलणं आपल्यालाच बरं वाटलं नसावं. त्यानं फाईल मिटली. "दुसरीसाठी लिही पुन्हा. मी पुढे पाठवतो."

त्या वर्षीची बढतीची यादी आधीच निघून गेली होती. राघोत्तमनं पुन्हा लिहिलं नाही. तुळजानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, तेव्हा मात्र त्याला फार थकल्यासारखं झालं.

चौसष्ट साली नोकरीची मुदत संपली. कॉर्पोरल म्हणूनच, नव्यानं भरती झालेल्यांना शिकवत, टेबलाशी उभा राहून त्यानं शेवटचं पॅराशूट भरलं, सही केली आणि घरी आला. पुढे मद्रासजवळच्या आवडी गावातल्या सरकारी कारखान्यात शिवणखात्यात जागा निघाली. फॉर्ममध्ये एक रकाना होता : पूर्वीच्या नोकरीत कधी समज मिळाली होती काय? राघोत्तमनं लिहिलं : दोन वेळा, पैकी एक रद्द.

"रद्द झालेली कशाला लिहायची?" तुळजा म्हणाली.

"दिली होती ना त्यांनी."

कारखान्यातल्या कारकुनानं फॉर्म घेतला. त्या रकान्याकडे त्यानं पाहिलंही नाही. पान उलटून त्यानं विचारलं, "उंची किती?"

"पाच फूट पाच," राघोत्तम म्हणाला. सोमवारपासून तो कामावर जाऊ लागला.