आधी हात धुवा

माय बाजेवर कोसळली तेव्हा मालकीणबाई ओरडली, "माह्या कुरोड्या!"

उन्हाळ्याचे दिवस होते. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, अंगणात तीन बाजांवर धोतरं अंथरून गव्हाच्या चिकाच्या कुरोड्या वाळत घातल्या होत्या. माय गोठ्यातून शेणाचं टोपलं घेऊन निघाली होती. तिला भोवळ आली. टोपलं बाजूला पडलं आणि ती आडवी पडली ती थेट मधल्या बाजेवर. नाकातून रक्त यायला लागलं होतं. पांढऱ्या ओल्या कुरोड्यांवर ते ठिपकत होतं, आणि ती बाई कुरोड्यांसाठी छाती बडवत होती.

मी शाळेला सुट्टी म्हणून मायच्या मदतीला गेले होते. नववीची परीक्षा दिलेली. धावत बाहेर आले. अंगणात मालकीणबाई, तिची सून, स्वैपाकीण आणि दोन धट्टेकट्टे गडी, एवढी माणसं उभी होती. मी म्हटलं, "हात लावा जी कोनी. माय मरन माही."

गड्यांनी मालकीणबाईकडं पाहिलं. मालकीणबाईनं बाजेकडं पाहिलं. कोणी हललं नाही. आम्ही बौद्ध होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते आमच्या वस्तीपुरतं. त्या अंगणात आम्ही जे होतो तेच होतो.

मग मीच तिच्या काखेत हात घातले आणि ओढत फाटकापर्यंत नेलं. ओढताना तिचं लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं. मागून मालकीणबाईचा आवाज आला, "लुगडं नीट कर तिचं. मानसं हायेत इथं."

माणसं!

आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत एक गडी त्या जागी शेणाचा सडा टाकत होता. ते शेण मायनंच सकाळी भरलं होतं.

संध्याकाळी तोच गडी आला आणि एक गाठोडं आमच्या दारात लांबूनच फेकून गेला. बाईनं निरोप दिला होता, "आमच्या कामाच्या नाई राह्यल्या. वाया कायले घालवतं? धुऊन तळून खाजो." बाबानं गाठोडं सोडलं. कुरोड्यांवरचं मायचं रक्त वाळून काळं झालं होतं. मला तिथंच ओकारी झाली. बाबा मालगुजाराच्या संत्र्याच्या बागेत राबणारा माणूस, तो काय बोलणार. पण त्यानं फावडं घेतलं, उकिरड्यामागं खड्डा खणला आणि ते गाठोडं पुरलं. कुत्र्यानंही खाऊ नये म्हणून.

मायच्या अंगावर निळे डाग होते. ती म्हणायची टोपल्याचे वळ आहेत. तळेगावच्या डॉक्टरनं ताकदीची दोन इंजेक्शनं दिली आणि हात टेकले. "वर्ध्याले न्या, सेवाग्रामले न्या, इथं वेळ घालवू नका," तो म्हणाला. आम्ही आर्वीवरून एसटीनं वर्धा आणि तिथून सेवाग्राम गाठलं. सगळा रस्ता मायचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं मायची मान चाचपली, काखेत बोटं घातली, पोट दाबून पाहिलं. मायनं अंग चोरलं. म्हणाली, "बाई, हात नोका लावू. मी आंघोळ नाई केली."

"असू दे," डॉक्टरीणबाई म्हणाली आणि तिचं काम करत राहिली.

कमरेच्या हाडात सुई घालून तपासणी केली. मग व्हरांड्यात आम्हा बापलेकीला उभं करून सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. बाबानं हात जोडले. "कोनाचं काई लागलं का तिले? कोनी केलं का?" ती म्हणाली, कोणी केलेलं नाही, कोणाचा दोष नाही, उपचार लांबचा आहे आणि त्याला माणसं लागतील.

माणसं आली. रक्त पाहिजे म्हटल्यावर आमची वस्ती आळीपाळीनं एसटीत बसून यायची. ज्यांनी सुई पाहून डोळे मिटले त्यांनीही दंड पुढं केला. बाबा भोळा. तो मालगुजाराच्या दारातही सांगायला गेला, की गिरजेला रक्त लागतं, वाड्यातल्या कोणी दिलं तर. गिरजा म्हणजे माझी माय. सोळाव्या वर्षापासून ती त्यांच्या गोठ्यात होती. मालकीणबाई हसली. "बाप्पा! आमचं रक्त तुमच्या अंगात कसं जाईन?" बाबानं ते मला सांगितलं तेव्हा तोही हसल्यासारखं करत होता. अपमान झाला की तो असाच हसायचा. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

मायचे केस गेले. तोंडात फोड आले. पाण्याचा घोटही जाईना. ती ओकायची, मी घमेलं धरायची, बाबा पाय चेपायचा. अशा तऱ्हेनं पहिला फेरा संपला आणि तिला काही दिवस घरी न्यायला परवानगी मिळाली.

निघताना डॉक्टरीणबाईनं मला जवळ बसवलं. "तू शिकलेली आहेस, नीट ऐक. हिच्या अंगात रोगाशी लढायची ताकद आत्ता नाही. साधा ताप हिला घेऊन जाईल. पाणी उकळलेलं. जेवण ताजं आणि गरम. शिळं काही नाही. आणि कोणाला हिला हात लावायचा असेल, तर आधी साबणानं हात धुवायचे. मग शिवायचं."

पलंगावरून मायनं विचारलं, "कोनी बी?"

"कोणीही असो."

माय माझ्याकडं पाहून हसली. हसता हसता तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी हसली होती. डॉक्टरीणबाई आमच्याकडं पाहत राहिली. यात हसण्यासारखं काय आहे ते तिला कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

घरी आल्यावर मी एकुलती खोली चुन्यानं पांढरी केली. दारात सपाट दगडावर बादली, पाणी घ्यायला गडवा आणि लाल साबण ठेवला. येणारा प्रत्येक जण हात धुऊनच आत. वस्तीला आधी गंमत वाटली. शेजारचा सीताराम बुढा हाताला फेस काढत म्हणायचा, "गिरजे, तुह्या घरचं सोवळं लय कडक झालं वं!" पण धुवायचा. सगळेच धुवायचे. माय आतून म्हणायची, "नीट धुवा, कोपरापर्यंत. नाई तं पोट्टी आत येऊ देत नाई."

सकाळचा गोठा मायच्या जागी मी करत होते. परत आल्यावर दगडावर हात घासून घासून धुवायची. कातडी फाटली. साबण लागला की झोंबायचं. तरी शेणाचा वास जायचा नाही, आणि मायला भरवताना मला माझ्याच हाताची भीती वाटायची.

त्याच दिवसांत मालगुजार जिल्हा परिषदेला उभा राहिला. करून करून भागला अन् देवपूजेला लागला, तशी गत. ज्या वस्तीत त्यांच्या घरातलं माणूस कधी आलं नव्हतं तिथं गाडी येऊन थांबली. मालकीणबाई उतरली. जरीकाठाची साडी, सोबत गावातल्या चार बाया, एक हारवाला, मागं पोरांचा गलका. गड्याच्या डोक्यावर टोपलं. आदल्या दिवशी प्रचाराची जेवणावळ झाली होती, त्यातल्या उरल्यासुरल्या बुंदीचा आणि वड्यांचा आंबूस वास टोपल्याआधी पोहोचला.

ती आमच्या दारासमोर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलली, "गिरजे, कशी हायस वं? तुह्या डोक्यावर हात ठेवाले आली मी. आमच्या घरी शिवाशिव कोनी पाळत नाई. पाहा बाप्पा सारे!"

बायांनी माना डोलावल्या. वस्ती गोळा झाली होती.

मी दारात होते. म्हटलं, "बाई, आधी हात धुवा."

"काय म्हनलं?"

"हात धुवा. साबन तिथं हाय. मंग आत या. डॉक्टरीणबाईनं सांगतलं हाय."

तिनं दगडाकडं पाहिलं. बादलीकडं पाहिलं. आणि मतं, हार, जमलेली माणसं, सगळं विसरून तिच्या तोंडातून खरं तेच बाहेर पडलं.

"तुह्या बादलीतल्या पान्यानं? मी?"

सगळ्यांनी ऐकलं. सोबतच्या बाया खाली पाहू लागल्या. माझ्या मायच्या टकलावर चारचौघांत हात ठेवायला ती तयार होती. तेवढं घरी जाऊन आंघोळीनं धुता आलं असतं. आमचं पाणी मात्र तिच्या हाताला चालत नव्हतं.

बाबा पुढं आला. हात जोडून, तेच हसू. "बाईसाहेब, पोट्टी नादान हाय. या, तुमी या आत." आणि त्यानं पायानं बादली बाजूला सारली. मला हळूच म्हणाला, "पान्यात राहून माशाशी वैर नाई धरत, बेटा."

मी बादली उचलून परत दगडावर ठेवली.

मालकीणबाईचे हात माझ्या डोळ्यांसमोर होते. अंगठ्यांच्या खाचांत बुंदीचा पाक. नखांत मळ. सकाळपासून किती घरी, किती पोरांचे गाल, किती हार हाताळून आलेले हात. जन्मभर ऐकत आले होते की घाण आम्ही. आमची सावली घाण, आमचं पाणी घाण. ते ऐकून ऐकून मलाही माझी किळस यायची, हे खोटं कशाला बोलू. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला त्यांची किळस आली. नुसती नखांची नाही. माझी माय अंगणात रक्त सांडत पडली होती तेव्हा हेच हात पदराखाली होते. आता मतांसाठी बाहेर निघाले होते.

ती ओरडली, "बाजूले सर वं! तुह्या मायले भेटाले तुही परवानगी पाह्यजे का मले?"

"भेटा ना. हात धुवा अन् भेटा."

"बोलते कशी पाहा! आमच्या घरचं खाऊन मातली."

तेवढ्यात आतून मायचा आवाज आला. बारीक, पण ठाम. "पोरी, दार लाव."

मी दार लावलं. मालगुजारणीच्या तोंडावर. कडी घातली. बाहेर बाबाचं "बाईसाहेब, बाईसाहेब" चाललेलं ऐकू येत होतं. माय पडल्या पडल्या छताकडं पाहत होती. मग म्हणाली, "पानी दे मले." मी आतल्या साबणानं, घागरीतल्या पाण्यानं हात धुतले आणि तिला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी बाबाला बागेतून काढलं. मला गोठ्याच्या फाटकातूनच हाकललं. मालगुजार निवडून आला. त्यांचं काही बिघडलं नाही. बाबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. बरेच दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पण कामावरून आला की दगडावर हात धुऊन मगच मायजवळ बसायचा, आणि ती बादली त्यानं परत कधी हलवली नाही.

माय मधे बरी झाली होती. केस आले होते, लहान लेकरासारखे मऊ. ती दारात बसून ज्वारी निवडायची. आम्हाला वाटलं सुटलो. पुढच्या पावसाळ्यात दुखणं उलटलं. पुन्हा सेवाग्राम, पुन्हा सुया, पुन्हा वस्तीची माणसं एसटीत. या वेळी औषध चाललं नाही. माय वॉर्डातच गेली.

गावात बोलणं झालं की बाईचा तळतळाट लागला. आमच्या वस्तीतही एकदोघं म्हणाले, पोरीनं दार लावलं नसतं तर. मी डॉक्टरीणबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, बाहेरून काही आलेलं नव्हतं, मूळ रोगच परत आला. आणि म्हणाली, मधले महिने तिला मिळाले ते तुम्ही जपलंत म्हणून. मी हे गावात कोणाला सांगत बसले नाही.

मायला जाऊन थोडे दिवस झाले होते. मालगुजाराचा गडी आला. तोच, अंगणात उभा राहिलेला. या वेळी दारापर्यंत आला. बाबा खाटेवर बसला होता.

"बाईनं सांगतलं, झालं ते झालं. लहान हायस म्हून तुले माफ केलं. गिरजेची जागा तुह्यासाठी ठेवली हाय. उद्यापासून गोठ्यावर येजो. तुह्या बापालेबी बागेत घेतीन."

बाबानं माझ्याकडं पाहिलं.  त्याच्या हातांवर खडीचे फोड होते आणि घरात दाणा नव्हता, हे मला दिसत होतं. त्याला मी होय म्हणायला हवं होतं. होय म्हणणं सोपंही होतं. माय सोळाव्या वर्षी त्या गोठ्यात गेली होती, मीही सोळाची होत होते. तेच टोपलं, तेच फाटक.

दार लावलं त्या दिवशी माझ्या पाठीशी डॉक्टरीणबाईचा शब्द होता. आत माय होती. आता कोणी नव्हतं. आता नाही म्हणायचं, तर ते 'नाही' माझ्या एकटीचं असणार होतं.

मी म्हटलं, "येत नाई म्हना."

"बाई इचारन, काऊन?"

"किळस येते म्हना. गोठ्याची नाई. बाईची."

गडी गेला. बाबा उठला, कोपऱ्यातला हातोडा घेतला. दुसराही घेतला आणि माझ्यापुढं धरला. दुसऱ्या दिवसापासून खडीवर आम्ही दोघं होतो. त्याच कामावर राहून मी दहावी केली. पुढचं शिक्षणही तसंच.

मालकीणबाई अजून आहे म्हणतात. थकली आहे. लोक मला सांगतात, झालं गेलं, म्हातारी झाली, आता सोडून दे. तिनं मला माफ केलं होतं म्हणे. कशाबद्दल? मायला जपलं म्हणून? माफी देणारी ती कोण?

माफ करायचं तर ते माझ्या हातात आहे. मी तिला माफ केलेलं नाही. करणार नाही.