वायर काढल्यावरही ओ देणारं मशीन

भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. नेटवर्क बिघडलं की चूक माणसाचीच, हे मी भिवंडीतल्या अर्ध्याअधिक गोदामांना ऐकवलेलं होतं.

काल्हेरच्या एका शेटचा एकुलता मुलगा पडघ्याजवळ गाडी उलटून गेला. मालाच्या चिठ्ठ्या ज्यावरून निघत, तो गोदामाचा लिनक्स सर्व्हर तोच सांभाळायचा. आठवडाही झाला नव्हता, पण त्याच्यामागे कुणाला त्यातलं काही कळेना, चिठ्ठ्या निघेनात, माल अडला. शेटने मला बोलावलं. नवीन मशीन बसवून मी त्याला नेटवर्कवरचा जुन्याचाच नंबर दिला, म्हणजे बाकीच्या कंप्युटरांना हात लावायला नको.

काही धड चालेना. एक चिठ्ठी निघायची, दुसरी कुठे जायची देव जाणे. केबल बदलली, नेटवर्कचा स्विच बदलला, सेटिंगच्या फाइली पुन्हा पुन्हा वाचल्या. बाहेर ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं होतं. शेवटी वैतागून नव्या मशीनची वायरच उपटली आणि काउंटरवरच्या कंप्युटरवरून त्याच्या नंबरला पिंग केलं. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला मारलेली हाक. वायर काढलेलं मशीन ओ कसं देणार? पण उत्तर येत होतं. ओळीमागून ओळ, न चुकता.

खरं सांगतो, अंगावर काटा आला. दुसरी कमांड देऊन पाहिलं, तर उत्तर देणारं नेटवर्क कार्ड वेगळंच होतं. म्हणजे त्याच नंबरचं दुसरं मशीन कुठेतरी चालू होतं.

"शेट, जुनं मशीन बंद आहे ना?"

शेटने मान खाली घातली आणि मुलाची केबिन उघडली. स्क्रीन काळा होता, पण डब्यातला पंखा घरघरत होता. शेजारी मुलाची आई बसली होती.

"बंद नको करू, बाला. त्याच्या हातानं लावलेला हाय. तेरावा होईपर्यंत इझवायचा न्हाय."

लाइट गेली की ती जनरेटर सुरू करायला लावते, असं शेट हळूच म्हणाला.

"बंद नाही करत, काकी. फक्त ही वायर काढतो," म्हणत मी ती काढली.

"कसली वायर ती?"

"हिच्यावरून बाकीची मशीनं याला हाक मारतात."

"आनि आता मारली त?"

"आता नाही ओ देणार."

बोलून गेलो आणि तिच्याकडे बघवेना.

"लाव परत," ती म्हणाली.

मी लावली. नव्या मशीनला दुसरा नंबर दिला आणि गोदामातल्या एकेका कंप्युटरवर तो घालत बसलो. ट्रक ताटकळले.

तेरावं झाल्यावर त्याचा फोन आला, तुम्हीच येऊन बंद करा, आमच्यात कुणाचा हात धजत नाही. गेलो. बटणापर्यंत बोट नेलं आणि माझाही धजेना.

"सरक, बाला," म्हणत तिनेच बटण दाबलं. पंखा थांबायला जरा वेळ लागला. तोवर ती त्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवून उभी होती, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.