चिंचोक्याची खळ आणि साहेबांचा गालिचा

लोकरीची पारख आमच्या माहेरी जन्मतःच येते, असं मी लग्नानंतरची पहिली चार वर्षं दिवसातून एकदा तरी सांगत असे. माहेर बोरीचं. वडिलांची मेंढरं, घरात घोंगड्या विणायचा माग. सासर परभणी शहरात दोन खोल्यांचं, तिथं मेंढरू नाही की लोकरीचा पुंजका नाही. त्यामुळे माझं ज्ञान तपासायची कुणाला सोय नव्हती आणि ते रोज थोडं थोडं वाढत होतं.

आमचे हे एका सरकारी कचेरीत चपराशी होते. तात्पुरते. निजामाचं राज्य गेलं, मग काही वर्षांनी आमचा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला. कचेरीवरची उर्दू पाटी उतरून मराठी चढली, भिंतीवरची तसबीर बदलली, पेशकाराचा अव्वल कारकून झाला. फक्त हे तात्पुरतेचे तात्पुरते राहिले. अव्वल कारकुनाला मात्र सगळे अजून पेशकारसाहेबच म्हणत, कारण नव्या नावाला ते ओ देत नसत. तोंडात चोवीस तास पान आणि चाल मांजराची. साहेब कुणीही असो, हे गृहस्थ खुर्चीच्या मागून येऊन कानाशी लागत. ज्याच्याबद्दल बोलणं होई, त्याची महिन्याभरात बदली ठरलेली.

तर नवे साहेब यायचे म्हणून मुंबईहून कचेरीत एक गालिचा आला. पिस्त्याच्या रंगाचा, चकचकीत, मांजरीच्या पोटासारखा मऊ. अंथरला त्याच दिवशी पेशकारसाहेबांचा पिकदाणीवरचा नेम चुकला.

शुक्रवारी संध्याकाळी हे टांग्यातून गालिच्याची वळकटी घेऊन घरी आले. चेहरा असा की टांग्यातून मयतच आणलंय.

"सोमवारी साहेब हजर व्हायलेत," हे म्हणाले. "डाग ऱ्हायला तर कायमच्या यादीत तुझं नाव न्हाई, म्हणले पेशकारसाहेब."

"डाग कुणाचा?" सासूबाईंनी विचारलं.

"त्यांचाच."

"मग त्याचंच नाव काढा म्हणावं यादीतून."

"माय, हळू बोल की."

"हळू कशाला? मी काय तात्पुरती हाय का?"

कचेरीत साफसफाईचं सामान म्हणजे एक खराटा, एक गळकी बादली आणि फिनेलची बाटली, तीही रिकामी. आमच्या घरी बादली गळत नव्हती, एवढाच काय तो सरकारपेक्षा आमचा वरचढपणा. मी पदर खोचला आणि म्हणाले, "धनगराची लेक हाय मी. लोकर धुणं मला शिकवू नका. उद्या सांजच्याला नवा कोरा करून देते."

हे माझ्याकडे अशा आशेनं बघायला लागले की त्या नजरेची मला आज साठ वर्षांनीही लाज वाटते.

वडिलांची एक रीत होती. बाजारात कुणी लोकरीत अंबाडीचा भेसळ धागा घालून विकायला लागला की ते एक धागा ओढून जाळत. केस जळल्याचा वास आला तर लोकर खरी. मीही गालिच्याच्या कडेचा एक धागा उपसला आणि चुलीत धरला. वास आला तो कागद जळल्याचा. केसांचा अजिबात नाही. शहाण्या बाईनं तिथंच गालिचा गुंडाळून ठेवला असता. मी विचार केला, विलायतेतल्या मेंढ्या अंगाला काहीतरी लावत असतील.

"काय गं, कसला वास हाय?" सासूबाई.

"लोकरीचाच हाय, आत्याबाई. उंची लोकर अशीच जळती."

गालिच्याच्या उलट बाजूला इंग्रजी अक्षरांची एक पांढरी चिंधी शिवलेली होती. धोब्याची खूण असेल म्हणून मी ती कातरून टाकली. ह्यांनी ती उचलून खिशात ठेवली. सरकारी वस्तूचा धागाही टाकायचा नाही, असा त्यांचा स्वभाव.

शनिवारी सकाळी गावाबाहेरच्या विहिरीवर, जनावरांच्या हौदात मी तो गालिचा बुडवला. रिठ्याचं पाणी ओतलं आणि आत उतरून पायांनी तुडवायला लागले. घोंगडी अशीच धुतात. घोंगडी तुडवली की ती अंग आवळून घट्ट होते. हा गालिचा मात्र पायाखाली शेवाळासारखा निसटायला लागला. हौदातलं पाणी हिरवं झालं. पाणी प्यायला आलेला एक बैल थांबला, वास घेतला आणि तहान घेऊन परत गेला. मी म्हणाले, मळ निघायलाय. मग दगडावर आपटला. डाग गेला, हे खरं. डागाबरोबर गालिच्याची चमक गेली आणि मऊपणाही बराच गेला. जागोजाग केस चिकटून त्याचं भिजलेलं कोंबडं झालं.

इथंही थांबता आलं असतं. पण माझ्याकडे माहेरून आणलेली चिंचोक्यांची पिशवी होती. आमच्याकडे धुतलेल्या घोंगडीला खळ देतात. चिंचोके वाटून शिजवायचे, ती पेज कुंच्यानं घोंगडीला चोपडायची आणि उन्हात वाळवायची. मग घोंगडी कडक होते, पावसाचं पाणी आत येऊ देत नाही. सासरी घोंगडी एकही नव्हती, पण खळीची तयारी चार वर्षं उतरंडीत पडून होती. साहेबांच्या खोलीत पाऊस पडत नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पातेलंभर खळ शिजवली आणि गालिच्याला वरून खालपर्यंत चोपडली. हात सढळ, कारण प्रश्न नवऱ्याच्या नोकरीचा.

वैशाखाचं ऊन. सांजच्याला मी गालिचा उचलायला गेले तर तो आपणहून उभा राहिला. एका बाजूनं धरला की दुसरी बाजू जमिनीवरून वर येई, दाराच्या फळीसारखी. शेजारणीची शेळी त्यावर चढली, तिच्या खुरांचा टाकटाक आवाज आला, तशी तीच घाबरून उतरली. घडी घालायला गेले तर कर्र.

हे कचेरीतून आले. गालिचा भिंतीला टेकून उभा होता. हे त्याच्यासमोर उभे राहिले, जसे साहेबांसमोर राहत. मग ओट्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, "गावाकडं शेळ्या राखायला जावं म्हणतो."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी रडायला लागले. तेव्हा सासूबाई उठल्या, गालिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "सूनबाई, ही लोकर न्हाई. काय हाय ते मला बी ठावं न्हाई. पर जे ठावं न्हाई त्याला बुचकळायचं नसतं, पुसायचं असतं. रड आवर, पाणी तापव."

रविवारी सूर्य उगवल्यापासून आम्ही तिघं कामाला लागलो. कोमट पाण्यात फडकं भिजवायचं, घट्ट पिळायचं, वीतभर जागेवर ठेवायचं. खळ मऊ झाली की टिपायची. चोळायचं नाही. चोळलं की सासूबाई हातावर चापट मारत. त्यांच्या लेकालाही. मग कोरडं गोणपाट टाकून वर पाटा ठेवायचा, म्हणजे ओल वर येते. शेवटी ज्वारीचा गरम कोंडा पसरायचा आणि मऊ केरसुणीनं एकाच दिशेनं झाडायचा. एक बादली, चार फडकी, एक पाटा, शेरभर कोंडा. त्या उंची गालिच्याला एवढंच हवं होतं, आणि ते सगळं घरात पहिल्यापासून होतं.

दिवस मावळला तेव्हा गालिचा पुष्कळसा माणसात आला होता. रंग थोडा विटका, पण साहेबांनी आधी पाहिलेला नव्हता. एका टोकाला हातभर पट्टा मात्र राहून गेला. कोंडा संपला, ऊन संपलं, आमची कंबर तर कधीच संपली होती. तो पट्टा तसाच कडक.

सोमवारी पहाटेच हे जाऊन गालिचा अंथरून आले. कडक टोक त्यांनी विचारपूर्वक साहेबांच्या खुर्चीच्या मागं टाकलं. तिथं कशाला कोण पाय देतंय?

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, आणि ते खोटं बोलत नसत.

साहेब आले, खुर्चीवर बसले, कागद वाचायला लागले. थोड्या वेळानं पेशकारसाहेब मांजरीच्या पावलांनी मागून आले. कर्र. साहेब दचकून वळले. "काय आहे?" "काही नाही, हुजूर, खिडकी लावायला आलो होतो." दुपारी पुन्हा कर्र. दुसऱ्या दिवशी चार वेळा. तिसऱ्या दिवशी साहेबांनी ह्यांना आत बोलावलं. पेशकारसाहेब बाजूला उभे होतेच.

"गालिच्याला काय झालंय?"

हे म्हणाले, "साहेब, घरच्या मंडळींनी खळ दिली. चिंचोक्याची."

"चिंचोक्याची! कशासाठी?"

"पानाचा डाग पडला होता, साहेब. धुवायला नेला होता."

"कुणी थुंकलं?"

हे खिशातली चिंधी चाचपायला लागले. पेशकारसाहेबांना काहीतरी सांगायचं होतं, फार सांगायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं. त्यांनी हनुवटी वर करून "ऊं, ऊं" केलं, एक लाल ओघळ सदऱ्यावर उतरला, आणि ते पिकदाणी शोधायला बाहेर धावले. धावताना पुन्हा कर्र.

ह्यांनी खिशातली चिंधी काढून पुढं ठेवली. साहेबांनी ती वाचली आणि हसू दाबत म्हणाले, "अरे, यात लोकर नाहीच. कारखान्यात बनवलेला धागा आहे हा. पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्यानं टिपा, असं लिहिलंय. घरी सांग." मग जरा थांबून म्हणाले, "आणि खुर्चीमागचा तो भाग आहे तसा राहू दे."

त्या साहेबांच्या काळात कचेरीतल्या एकाही माणसाची कानाशी लागून बदली झाली नाही. यादी गेली, तिच्यात ह्यांचं नाव होतं.

पुढं कित्येक वर्षं मी ही गोष्ट हळदीकुंकवात सांगितली ती अशी, की पेशकाराची चाल ओळखून मीच मुद्दाम खुर्चीमागं तेवढी खळ ठेवली. बायका तोंडाला पदर लावून "काय बाई डोकं!" म्हणत. सासूबाई शेजारी वाती वळत बसलेल्या असत. त्यांनी मला एकदाही खोटं पाडलं नाही.

फक्त कायम झाल्याचा कागद आला त्या दिवशी त्यांनी देवापुढं साखर ठेवली, उतरंडीतून उरलेल्या चिंचोक्यांची पिशवी काढली आणि माझ्या ओटीत टाकली.

"घे, भाजून खा," म्हणाल्या. "न्हाईतर उद्या माझ्या लुगड्याला खळ देशील."