टेपकाकांनी तोडलेली रेषा

वारजेच्या नकाशातली सायकल ट्रॅकची ती हिरवी रेषा मी जोडली. टेपकाकांनी ती तुटक काढली होती. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे काकांबद्दल चांगलं लिहिताना मी स्वतःला त्यांच्या पंक्तीत बसवणार नाही.

शहराच्या सायकल आराखड्याचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि रस्ते मोजायला काका होते. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले, राहायला कसबा पेठेत, सायकलच्या हँडलला पोलादी टेपची पिशवी. प्रत्येक रस्ता ते दोनदा मोजत, सकाळी जाताना आणि दुपारी येताना. ऑफिसातल्या कुणीतरी विचारलं, रस्ता काय येताना आखडतो का? काका म्हणाले, "आखडतो. अकरानंतर दुकानदार गाड्या लावतात."

ट्रॅकवर विजेची डीपी किंवा बसथांबा आला, की काका तिथे रेषा तोडत आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहीत : 'इथे उतरावे'. स्वारगेटच्या नकाशावर हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं होतं, की साहेब वैतागले. हा आराखडा आहे की तक्रारवही, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. काकांनी शांतपणे चष्मा पुसला. "आराखडाच आहे, साहेब. तुम्हाला उतरावं लागत नाही, म्हणून तक्रार वाटते."

बरोबरच होतं. आम्ही सगळे चारचाकीने यायचो आणि गार खोलीत बसून सायकलींच्या शहराबद्दल बोलायचो. काकांची सायकल लावायला मात्र आमच्या इमारतीत जागा नव्हती. वॉचमन त्यांना ती बाहेर झाडाला बांधायला लावायचा. सायकलींचा आराखडा करणारी कंपनी, आणि हे रोज आमच्या डोळ्यांसमोर! आजही आठवलं की चीड येते. तेव्हा का आली नाही, याची जास्त येते.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी साहेब मला म्हणाले, वारजे सलग दिसू दे, बाकी पुढे होईलच. मी जोडलं. एका क्लिकचं काम. नकाशाखाली 'प्रत्यक्ष मोजणी' म्हणून काकांचं नाव होतं. ते काढायचं सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं आहे. सुचलं होतं. काकांचं नाव असलं की नकाशावर कुणी शंका घेत नाही, म्हणून राहू दिलं.

नकाशा वारजेतल्या एका शाळेत लागला. तो बघून एका आईने मुलीला सायकलने शाळेत पाठवायला सुरुवात केली. जिथे मी रेषा जोडली होती, तिथे ट्रॅक संपून डीपी येते. मुलगी रस्त्यावर उतरली, मागून टेम्पोचा धक्का लागला, हात मोडला.

नागरिकांच्या बैठकीत त्या बाईंनी नकाशा काकांसमोर टेबलावर ठेवला. "अहो, तुम्ही मोजलंत ना हे? मग एवढी मोठी डीपी दिसली नाही तुम्हाला?"

काकांनी नकाशा पाहिला. मग शेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी समोरचे कागद नीट लावत राहिलो. मागून कुणीतरी म्हणालं, घरी बसून मोजलं असेल. आणि हे आयुष्यात एक खोटं माप न लिहिलेल्या माणसाबद्दल. "खाली नाव माझं आहे," एवढंच काका म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत.

मला कसबा पेठेत जायला तीन महिने लागले. काकांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले असते तर बरं झालं असतं. "मला कशाला सांगताय? मी काय काढलं होतं ते मला माहीत आहे. त्या बाईंना सांगा. आणि तेवढ्याच लोकांसमोर सांगा."

पुढच्या बैठकीत बोलणार, हे मी ऑफिसात सांगितलं होतं. निघताना साहेबांचा फोन आला, तोंड उघडू नकोस म्हणून. मी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. त्या बाई पुढच्याच रांगेत होत्या, शेजारी मुलगी. काका आले नव्हते. मी उभा राहिलो.

"काकांनी इथे रेषा तोडली होती. ती मी जोडली, आणि मागच्या वेळी त्यांच्या शेजारी बसून गप्प राहिलो. ताई, तुमच्या मुलीचा हात माझ्यामुळे मोडला. मला माफ करा."