आधी तुम्ही फुंका

"फुंक. जोरात. रात्रीची उतरली नाय का अजून?"

शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर, भर दुपारी, सुपरवायझर साहेबांनी दारू तपासायचं मशीन माझ्या तोंडाला लावलं. मी स्टाफ बसचा ड्रायव्हर. पहिली पाळी सुटलेली, बस भरलेली. सगळ्या खिडक्यांतून डोकी बाहेर.

मी फुंकलं. मशीन बोंबललं.

आयुष्यात दारूला शिवलो नाय. तरी त्या डबड्यावर माझा इतका भरवसा, की मीच आठवायला लागलो, रात्री झोपेत जाऊन पिऊन आलो की काय. असा मी हुशार.

"मशीनला जात नसते," साहेब म्हणाले. मग हसून, "पण तुमच्या वस्तीत सकाळपासूनच चालू असतं ना रे?"

बसमधलं कुणीतरी हसलं. आणि मीपण हसलो. सवयीनं. त्या हसण्याची लाज अजून गेली नाय.

तेवढ्यात दाढ ठणकली आणि डोक्यात उजेड पडला. दाढेवर होमिओपॅथीचे थेंब चालू होते. त्यात स्पिरिट. डॉक्टरनं चार थेंब सांगितलेले. लवकर बरं व्हावं म्हणून मी पठ्ठ्यानं गाडी काढायच्या आधी अर्धी बाटली तोंडात धरलेली.

साहेबांना सांगितलं. नळावर चुळा भरल्या, थोडं थांबून पुन्हा फुंकलं. मशीन गप्प.

"बरं, बरं. काढ गाडी."

एवढंच. माफीचा शब्द नाय.

मागून काकडे आला. दुसऱ्या बसचा ड्रायव्हर, साहेबांच्या गावचा, भावकीतला. त्याच्या तोंडाचा भपका मला हातभरावरून आला. साहेबांनी मशीन खिशात घातलं. "या काकडे, या."

मशीनला जात नसंल. ते धरणाऱ्या हाताला होती.

मी गाडीची किल्ली गेटवरच्या टेबलावर ठेवली. "काकडेला फुंकायला लावा. त्याच्या गाडीतबी माणसंच बसतात. आन् त्याच्याआधी तुम्ही फुंका."

"मी कशाला रे?"

"रे म्हणायचं नाय."

खिडकीतून पॅकिंगमधल्या एक बाई ओरडल्या, "फुंका की साहेब, आम्हालाबी घरी जायचंय."

साहेबांनी फुंकलं, मशीन गप्प. मग काकडेनं. मशीन बोंबललं ते थांबेचना.

मला कामावरून काढायची भाषा झाली. मी गेटवरून हललो नाय, भरलेली बस तशीच उभी; शेवटी साहेबांनाच नमावं लागलं. आता रोज पहिला मीच फुंकतो. मग मशीन साहेबांपुढं धरतो. ते फुंकेपर्यंत किल्ली माझ्या खिशात राहते.