पश्चिमेची भिंत

भिंतीवर जीव लावणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या थोरल्या ताईच्या पदरी पडला. आमचे भावजी शेणवे गावचे. परक्या घरी गेल्यावर लोक पाणी मागतात, हे पश्चिमेची भिंत कुठली ते विचारतात. मग तिला गाल लावून, डोळे मिटून उभे. मुरबाडला एका घरी त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो होतो. पोहे निवून गेले तरी भावजींचा पत्ता नाही. परसात भिंतीला चिकटलेले सापडले. "पोरगी सोन्यासारखी हाय," सगळ्यांसमोर म्हणाले, "पन घर तापतं." ताईने कपाळाला हात लावला.

या वेडाला कारण माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक. लग्न होऊन ती पुण्याला गेली आणि बाळाला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली ती भर मे महिन्यात. जुनं घर कौलारू, पण भिंती एकेरी विटेच्या. पोर घामोळ्यांनी लालबुंद झालं, रात्रभर रडलं, आणि दोन दिवसांत ती परत निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबा, गार घर बांधा, मग महिनाभर राहते." भावजींनी ते असं मनावर घेतलं की विचारू नका. मागची जागा मोकळी होती, विटा येऊन पडल्या. अडलं कुठे, तर भिंत भरीव घालायची की पोकळ.

गवंडी म्हणाला, नऊ इंची भरीव घाला नि मोकळे व्हा. भावजी म्हणाले, "भरीव भिंत दिवसभर ऊन खाते नि रातभर ओकते." मग दोन पातळ भिंती, मध्ये पोकळी, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी तेही बिनसलं. "आतून रिकामी भिंत म्हंजे टेकायचं कुनाला?" शेवटी दोन्ही प्रकारच्या नमुन्याच्या भिंती अंगणात उभ्या राहिल्या. दुपारी सदरा काढून भावजी आळीपाळीने दोघींना पाठ लावून बसत, आणि ते ज्या भिंतीपाशी असतील तिथे ताई चहा नेऊन देई. पावसात त्यांनी स्वतःचं इरलं भिंतीवर घातलं आणि आपण भिजत गोठ्यात गेले. एका वर्षी कुणाचं तरी ऐकून पोकळीत गिरणीतला तूस भरला. त्यात भाताचे दाणे राहिले होते. मृगात फटीफटींतून हिरवीगार रोपं बाहेर आली. "लावनी कदी करायची भिंतीची?" ताईने विचारलं. भावजी आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत.

असे मे महिने येत गेले. भाची फोनवर विचारायची, "झालं का घर?" आणि हे म्हणायचे, "यंदा भिंत ठरते बघ." मग कधीतरी तिने विचारणं सोडलं. दिवाळीला येई, भाऊबीज झाली की जाई. मला भावजींचा भयंकर राग यायचा. माणसाने इतकं नीट करायला जाऊ नये की करायचंच राहून जावं.

घर झालं यंदा. पोकळ भिंती, आत थर्माकोल. मे महिन्यात आटगाव स्टेशनला उतरून घामाघूम होऊन पोचलो, तर भावजींनी पाणीसुद्धा न देता पश्चिमेच्या खोलीत नेलं. वर तुळईला पाळण्याची कडी होती, तेल लावलेली. नातवाला आता मिसरूड फुटलंय.

"लाव गाल. गार हाय का नाय?"

खरंच गार होती.

"मंग तू सांग तिला. माझं 'यंदा' तिला खरं नाय वाटायचं."

मी तिथूनच फोन लावला. सगळं ऐकून भाची म्हणाली, "मामा, त्याचे क्लास आहेत रे." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बाबांना सांग, मी एकटीच येते. मला झोपायचंय तिथे."

मी निरोप सांगितला. भावजी कडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकटी म्हंजे खाट लागंल. पन खाट भिंतीला लावावी, का जरा लांब?"

ताई उठली आणि खाट ओढत नेऊन भिंतीला लावली.