अणुखात्यातल्या माणसाचं मत

आमच्या इमारतीत मला ‘ॲटम’ म्हणतात. मी सरकारच्या अणुखात्यात नोकरीला आहे, म्हणून. गेली सव्वीस वर्षं मी तिथे ट्रान्सपोर्ट विभागात आहे. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या बसचं वेळापत्रक ठरवतो. मुलुंडची बस किती वाजता सुटेल, घाटकोपरला कुठे थांबेल, गोवंडीत रस्ता खणला असेल तर कुठून वळेल, एवढंच माझं काम. अणूशी माझा संबंध शाळेत दहावीला आला, तोही विज्ञानाच्या पेपरात सहा मार्कांपुरता.

हे मी कुणापासून लपवलं नाही, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण ते पूर्ण खरं नाही. कुणी विचारलं तर मी म्हणायचो, “नाही हो, मी आपला ट्रान्सपोर्टला,” आणि जरासा हसायचो. समोरच्याला वाटायचं, याला सांगायची परवानगी नसणार. ते हसू मी मुद्दाम हसायचो. मुलुंड पूर्वेच्या चार मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत माणसाला मान मिळायचे मार्ग फार नसतात.

युक्रेनमधलं युद्ध सुरू झालं आणि माझा मान एकदम वाढला.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची एकुलती मुलगी तिथे डॉक्टरकी शिकत होती, तिसऱ्या वर्षाला. शेजारी छापखान्यात मशीनवर होते, नुकतेच घरी बसलेले. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. पहिल्या आठवड्यात मुलगी हॉस्टेलच्या तळघरात होती. मग ट्रेनने, मग चालत सीमेपर्यंत, मग विमानाने ती घरी आली आणि दोन दिवस नुसती झोपली. पुढचे काही महिने ती गॅलरीत लॅपटॉप घेऊन ऑनलाइन वर्ग करायची. मधेच तिकडे सायरन वाजायचा, शिकवणाऱ्या बाई उठून जायच्या, आणि ही इथे रिकाम्या खुर्चीकडे बघत बसायची.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता युद्धाचं पारडं फिरलं. रशियाचं सैन्य मागे हटायला लागलं. पंपाच्या खोलीशेजारच्या बाकावर आमची मंडळी रोज संध्याकाळी बसतात, तिथे क्रिकेटच्या मॅचसारखा उत्साह आला. “वाट लागली रे त्यांची!” कुणी कुणाच्या बाजूने होतं असंही नाही. आदल्या आठवड्यात हेच लोक उलट बोलत होते. आणि त्याच दिवसांत अणुबॉम्बच्या धमक्या सुरू झाल्या. मी कामावरून घरी आलो की बाकावरून हाक यायची.

“काय ॲटम, बटण दाबलं का?”

“दाबलं असतं तर तू इथे बसला असतास का?”

“अरे, म्हणजे याला माहितेय!”

नेमक्या याच काळात मुलीच्या कॉलेजने कळवलं की, आमचं शहर पश्चिमेला आहे, लढाईपासून दूर आहे, वर्ग चालू आहेत, प्रत्यक्ष या. इकडे तर ऑनलाइन शिक्षण धरणार नाहीत हे स्पष्टच झालं होतं. दहिसरची तिची मैत्रीण निघाली. हिचीही बॅग भरून झाली होती. एका रविवारी दादा वर आले, चहाला हातही न लावता म्हणाले, “साहेब, एकच सांगा. पाठवू का?”

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. “दादा, आता नको. जिंकणाऱ्याची भीती नसते, हरणारा काहीही करू शकतो.”

हे वाक्य माझं नव्हतं. आदल्या संध्याकाळी टीव्हीवरच्या चर्चेत एका कोटवाल्या माणसाने ते म्हटलं होतं. मला ते आवडलं होतं, म्हणून तोंडात राहिलं होतं. दादांनी मान हलवली आणि खाली जाऊन बॅग रिकामी करायला लावली. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. दादा गेल्यावर म्हणाली, “तू बसचं टाइमटेबल करतोस, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगू?” मी तिच्यावरच ओरडलो.

त्यानंतर जे झालं त्याने मी अक्षरशः वैतागलो आहे. पुढच्या वर्षी युक्रेनचा रेटा थांबला. मग रशिया एकेक गाव करत पुढे सरकायला लागला, आणि जिंकतानाही धमक्या चालूच. कोटवाल्याच्या सिद्धान्तानुसार आता तरी गप्प बसायला हवं होतं ना? नाही. युक्रेनला कुणी रणगाडे दिले की धमकी, लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं दिली की धमकी, अण्वस्त्रं वापरण्याचे नियम बदलले की बातमी. लाल रेषा आखायची, समोरच्याने ती ओलांडायची, मग थोडी मागे नवी रेषा. इतक्या रेषा झाल्या की कुठली खरी आणि कुठली नुसती दाखवायची, हे आखणाऱ्याला तरी ठाऊक आहे का, देव जाणे. बाकावरच्यांना कंटाळा आला. टीव्हीवाल्यांनाही आला, दुसरी युद्धं मिळाली. धोका मात्र कंटाळून निघून जात नाही, आणि तो किती आहे हे सांगता येत नाही. मला याचाच सर्वात जास्त राग येतो. बॉम्ब पडला नाही, म्हणून माझा सल्ला चुकीचा होता असं म्हणावं, तर तेही बरोबर नाही. कदाचित थोडक्यात वाचलो असू. आणि सल्ला बरोबर होता म्हणावं, तर दहिसरची मैत्रीण शिकून डॉक्टर होऊन आली, आणि ही मुलगी घाटकोपरच्या एका लॅबसाठी घरोघर फिरून रक्ताचे नमुने गोळा करते. चूक की बरोबर, हे ठरवायची सोयच नाही. ठरतं ते एवढंच, की मला माहीत नव्हतं आणि मी बोललो.

यंदा डॉक्टरने माझी साखर तपासायला सांगितली. सकाळी सात वाजता दार वाजलं, तर तीच, खांद्याला निळी पेटी. मी बाही वर केली. तिने दंडाला पट्टा बांधला, दोन बोटांनी शीर चाचपली आणि एका खेपेत सुई घातली. कळलंही नाही मला.

“हात छान आहे तुझा,” मी म्हणालो.

“मूठ सोडा काका.” नळी भरली तशी तिने सुई काढली. कापूस दाबून धरायला सांगून ती म्हणाली, “कॉलेजने परत घ्यायचं कबूल केलंय. चौथ्या वर्षाला. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय.”

“मग?”

“मग काय, बाबा म्हणतात साहेबांना विचारू.” पेटी बंद करताना तिने माझ्याकडे पाहिलं. “तुम्ही हो म्हणा ना. तुमचं ऐकतात ते. एक शब्द, काका. बस.”

मी चार दिवस त्या एका शब्दाशी भांडलो. तो म्हणणं फार सोपं होतं. ज्या तोंडाने तिची वर्षं घालवली त्याच तोंडाने ती परत देता येणार होती. पण तिकडे हल्ले थांबलेले नाहीत, पश्चिमेच्या शहरांवरही ड्रोन येतात. उद्या काही झालं तर? आणि मुख्य म्हणजे, आताही मला काहीच माहीत नव्हतं. ‘नाही’ ज्या हवेतून काढलं होतं, ‘हो’ही तिथूनच काढायचं होतं. मी ठरवलं, या वेळी खरं सांगायचं.

रविवारी मी स्वतः खाली गेलो. घरात तिघंही होते. मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. म्हटलं, “दादा, मी खात्यात बसचं वेळापत्रक बनवतो. सव्वीस वर्षं तेच केलंय. अणुबॉम्बबद्दल मला तुमच्याइतकंच कळतं. त्या वेळी मी जे बोललो ते टीव्हीवर ऐकलेलं होतं. तुमच्या मुलीचं माझ्यामुळे नुकसान झालं. माफ करा.”

 दादा आवाज खाली आणून म्हणाले, “साहेब, मी समजू शकतो. तुम्हा लोकांना बोलायची परवानगी नसते.”

“अहो, परवानगी कसली! मी बसवाला आहे!”

“बसवाल्यांनाच आधी कळतं. माणसं कधी, कुठे हलवायची ते. बरोबर ना?”

“दादा, मी गोवंडीचा थांबा ठरवतो हो!”

“मागच्या वेळी सरळ ‘नको’ म्हणालात. आज म्हणताय, मला काही माहीत नाही.” ते मुलीकडे वळले. “बघ. म्हणजे प्रकरण तेव्हापेक्षा गंभीर आहे. आता बोलतासुद्धा येत नाही त्यांना.”

मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. मुलगी खुर्चीतून उठली. तिचा राग वडिलांवर नव्हता, माझ्यावर होता.

“एक शब्द मागितला होता, काका. खोटं बोलायचं तेव्हा बोललात. आता मला गरज आहे, तर तुम्हाला खरं बोलायचंय. तुमचं मन हलकं करायला माझाच मुहूर्त सापडला का?”

ती बरोबर होती. माफी मागायला आलो तोही माझ्याच सोयीने.

तेवढ्यात तिची आई, जी इतक्या वर्षांत माझ्याशी जेमतेम चार वाक्यं बोलली असेल, आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार वाजलं. तिने पासपोर्ट आणून मुलीच्या हातात दिला. “दोघांनी आता गप ऱ्हवा,” ती आम्हाला म्हणाली. आणि मुलीला, “तुका भीती वाटता?”

“वाटते.”

“तरी जातंस?”

“जाते.”

“मग जा.”

दादा खिडकीकडे तोंड करून बसले. मी जिना चढून घरी आलो. बायकोने विचारलं, “सांगितलंस?” मी हो म्हणालो. “मग?” मी सोमवारचं बसचं वेळापत्रक काढून बसलो.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. तिने मला जातानाही सांगितलं नाही, पोचल्यावरही नाही. तिच्या आईने जिन्यात अडवून सांगितलं, “पोचली. तिने सांगूक सांगलेला नाय, मीच सांगतंय.” तिथे वीज जाते, सायरन वाजतो, वर्ग तळघरात भरतात आणि ती चौथ्या वर्षाचा अभ्यास करते, एवढं मला आईकडून कळतं.

दादा माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत. थांबले असते तर मला बरं वाटलं असतं. रोज सकाळी साडेसहाला मी कामावर निघतो, तेव्हा ते दूध आणायच्या निमित्ताने गेटपाशी उभे असतात. आदल्या दिवशी पुन्हा कुठली धमकी आली असेल, कुठे नवीन क्षेपणास्त्र डागलं असेल, तर हटकून असतात. काही विचारत नाहीत. विचारून मला अडचणीत टाकायचं नाही, असं त्यांनी ठरवलंय. नुसतं माझं तोंड बघतात.

एकदा माझी दाढ दुखत होती, रात्रभर झोप नव्हती. गेटपाशी मी तसाच वाकडा चेहरा घेऊन गेलो. त्या संध्याकाळी त्यांची बायको वर आली आणि म्हणाली, “त्यांनी दिवसभरात घास खाल्लो नाय. तुम्ही सकाळी काय सांगितलात त्यांना?”

“मी काहीच सांगितलं नाही हो!”

“तेच म्हणत होते ते. काहीच बोलले नाय म्हणून.”

मी खाली जाऊन त्यांना दाढ दाखवली. तोंड उघडून, बोट लावून, अक्षरशः. त्यांचा विश्वास बसला की नाही कोण जाणे, पण जेवले.

तेव्हापासून मी गेटपाशी पोचायच्या आधी, पंपाच्या खोलीजवळ क्षणभर थांबतो आणि चेहरा नीट करतो. मग मान वर करून हसत जातो. “काय दादा, दूध आलं का?” ते माझ्याकडे बारकाईने बघतात, खांदे जरा सैल होतात, म्हणतात, “आलं साहेब, आलं.” हेही खोटंच आहे, मला कळतं. बस सुटायला पाच मिनिटं असतात, आणि हे न करता गेटबाहेर पडायचं धाडस माझ्यात अजून आलेलं नाही.